फोटोत न मावणारं कुसुमचं झाड

माझ्या स्टुडिओत एक पडदा होता. सौंदडच्या स्टेशन रोडवर, एसटी थांब्याच्या अगदी समोर माझा स्टुडिओ, आणि आत पाऊल टाकलं की समोर हा पडदा. परदेशातला कुठला तरी डोंगर, त्यावर बर्फ, आणि पायथ्याशी पांढऱ्या बुंध्यांची, पिवळ्याधमक पानांची झाडंच झाडं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, "भाऊ, सीनरीवाला काढा." आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या पोरापोरींची लग्नं त्या पिवळ्या झाडांपुढं उभं राहून जमली. एप्रिल-मेच्या उन्हात घामानं निथळत लोक त्या बर्फाखाली उभे राहायचे आणि थंडी वाजल्यासारखे ताठ व्हायचे.

मला त्या पडद्याचा मनस्वी राग यायचा. तुम्ही म्हणाल, पोट भरणाऱ्या पडद्याचा राग कसला करतोस? पण राग यायचा, त्याला मी तरी काय करू! कारण आमच्या इथं, नवेगाव बांधच्या तलावापलीकडच्या टेकडीवर, एक कुसुमचं झाड होतं. त्या झाडासमोर तो पडदा म्हणजे फडकं.

कुसुमचं झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावरची ती परदेशी झाडं म्हणे पानं गाळायच्या आधी रंगतात. म्हणजे जाता जाता. आमच्या कुसुमचं सगळं उलटं. फाल्गुनात ते जुनी पानं झटकून टाकतं आणि नवी पानं फुटतात तीच मुळी लालभडक. फुलं नाहीत बरं का, पानं! अख्खं झाड बुडापासून शेंड्यापर्यंत लाल, आणि मागून ऊन आलं की पानागणिक दिवा लावल्यासारखं. आठ दिवस, फार तर दहा. मग तांबूस होतं, मग पोपटी, आणि एक दिवस तुम्ही जाऊन बघता तर इतर झाडांसारखं हिरवंगार उभं. जणू काही झालंच नव्हतं.

परसाची, म्हणजे पळसाची फुलं सगळेच काढतात. मला ते कुसुमचं झाड पाहिजे होतं, आणि पुरं पाहिजे होतं. चार वर्षं मी दर फाल्गुनात एक अख्खा रोल त्याच्यावर घालवत होतो आणि चारही वर्षं ते फोटोत मावलं नव्हतं. झाड ताडमाड, माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्याची लेन्स एकच. शेंडा धरला की बूड कापलं जायचं, बूड धरलं की शेंडा. मागं सरकावं तर मागं उतार, उताराखाली नाला. घरचे म्हणायचे, याला झाड लागलं आहे. शेजारचा पानठेलेवाला हिंदीत म्हणायचा, "भैया, शादी कर लो, ठीक हो जाओगे."

आणि मग दोन हजार तीन सालच्या माघात ती आली.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन लागलेली मास्तरीण, खांद्याला पिशवी, हाताच्या बोटांना खडू. म्हणाली, "मला फोटो काढायचा आहे. पाहण्याचा."

आता माझी एक पद्धत होती. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ताई म्हणायचो. "या ताई, बसा ताई, मान थोडी डावीकडे ताई." धंदा कसा स्वच्छ राहतो. पण हिला ताई म्हणायला तोंड उघडलं आणि काही केल्या शब्द बाहेर येईना. मी म्हणालो, "या मॅडम." माझे कान तापले. का तापले ते मला तेव्हाच कळलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

गोंदियाच्या एका राईस मिलवाल्यांच्या घरून विचारणा आली होती. त्यांना होळीनंतर मुलगी पाहायला यायचं होतं, त्याआधी फोटो पाहिजे होता. फोटो पसंत पडला तर ते येतील, आले तर लग्न ठरल्यातच जमा, असं तिनं सरळ सांगून टाकलं. आमच्याकडच्या मुली आडपडदा ठेवत नाहीत.

मी दिवे लावले. ती पडद्यापुढं उभी राहिली, मग वळून पडद्याकडं पाहायला लागली.

"ही कुठली झाडं आहेत?"

"परदेशातली, मॅडम."

"मी तर नवेगावच्या बाजूची आहे. या झाडांत मी काय करून राहिली?"

असा प्रश्न पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता! मला वाटलं उडी मारावी. मी धावत जाऊन टेबलाच्या काचेखालचे माझे कुसुमचे फोटो काढून आणले. बूड नसलेले, शेंडा नसलेले, अर्धेमुर्धे सगळे. ती एकेक पाहत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर एक बारीकसं काही तरी हललं, ज्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"माझा फोटो याच्यापुढं काढा," ती म्हणाली.

"पण ते अजून लाल झालं नाही. पंधरा-वीस दिवस लागतील."

"होळीच्या आधी होईल ना?"

"होईल."

"मग थांबते," ती म्हणाली, आणि समोर लागलेली साडेपाचची एसटी पकडून निघून गेली. मी दिवे विझवायचे विसरलो.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शाळा सुटल्यावर ती एसटीला थांबायची आणि एसटी यायच्या आधी स्टुडिओच्या दारात येऊन विचारायची, "झालं का लाल?" मी म्हणायचो, "नाही अजून." ती म्हणायची, "बरं." एवढंच. पण या एवढ्यासाठी मी दुपारी तीनपासून केस विंचरत बसायचो. एका नवरदेवाच्या फोटोत मी त्याचे पाय कापले, एका बारशाच्या फोटोत बाळच घेतलं नाही. बाळाच्या मामानं येऊन मला धू धू धुतलं आणि मी त्याच्याकडं पाहून हसत होतो. तो घाबरून निघून गेला.

हळूहळू दाराशी उभं राहून बोलणं वाढलं. तिच्या वर्गातल्या पोरांच्या गमती, माझ्या गिऱ्हाइकांच्या गमती. ती हसायची तेव्हा आवाज न करता सुरुवात करायची आणि मग एकदम फुटायची, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी दिवसभर गमती जमवून ठेवायला लागलो. एखाद्या दिवशी काही घडलं नाही तर घडवून आणायचो.

पण एक गोष्ट पक्की होती आणि ती मला रोज टोचायची. मी जो फोटो काढणार होतो तो तिला गोंदियाला पाठवायसाठी होता. फोटो वाईट आला तर माझी अब्रू जाणार आणि चांगला आला तर तीच जाणार.

आम्ही दोघंही पोवार, तेव्हा जातीचा प्रश्न नव्हता. पण तिकडं राईस मिल आणि इकडं दीड एकर धानाची शेती अन् एक पडदा. कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

फाल्गुन लागला. मी रोज सकाळी मोटारसायकल काढून तलावाच्या अंगानं टेकडीवर जायचो, झाड बघून यायचो. जुनी पानं गळाली. फांद्या उघड्या झाल्या. आणि एका सोमवारी मी टेकडी चढून वर गेलो तर, अगाई गं! झाड पेटलेलं! मी एकटाच तिथं दोन्ही हात वर करून नाचलो, सांगायला लाज वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती दारात आली. "झालं का लाल?"

मी म्हणालो, "नाही अजून."

कसं निघालं तोंडातून, देवाला ठाऊक. फोटो काढला की ती यायची बंद होणार, एवढंच डोक्यात होतं. ती क्षणभर माझ्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं."

मंगळवारी, "नाही अजून." बुधवारी, "यंदा जरा उशीरच दिसतो, मॅडम." गुरुवारी मी थंडीवर ढकललं. ती दर वेळी "बरं" म्हणायची आणि ओठ घट्ट दाबून एसटीकडं जायची. मला वाटायचं, रागावली.

शुक्रवारी ती आली नाही. तिचा बाप आला.

उंच, वाळका माणूस, डोक्याला शेला गुंडाळलेला. दुकानात शिरला, पडद्याकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि स्टुलावर बसला.

"तूच का तो फोटोवाला?"

"हो काकाजी."

"माह्या पोरीले सांगून राहिला म्हणे, कुसुम लाल नाही झाली?"

"हो काकाजी. यंदा थंडी जरा..."

"कायले खोटं बोलून राहिला बाबू?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कुसुम तं सोमवारीच लाल झाली. तिच्या बाजूचे मोहाचे झाडं आमच्या घरचे आहेत. मी रोज पहाटे तिथं मोहफुलं वेचून जातो."

मी चार वर्षं त्या टेकडीवर तलावाच्या बाजूनं चढत होतो. पलीकडच्या उतारावर कोणाचं घर आहे, कोणाचे मोह आहेत, याची मी कधी चौकशीच केली नव्हती. आमच्याकडं मोहाची झाडं घराघराला वाटून दिलेली असतात, बापजाद्यांपासून. ज्याचा मोह तोच वेचणार. तेव्हा त्या टेकडीवर फाल्गुनात रोज माणूस असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी झाडाबद्दल थाप मारली आणि मारली कोणाला, तर त्या झाडाखाली रोज वाकणाऱ्या माणसाला!

"आमचं घर पल्याडच्या पायथ्याले आहे," तो पुढं म्हणाला. "पोट्टी सकाळी आंगणात सडा टाकते तं समोर तेच झाड दिसते."

हे ऐकलं आणि माझ्या आत काही तरी धाडकन उघडलं. म्हणजे तिला माहीत होतं! सोमवारपासून माहीत होतं! सकाळी लाल झाड पाहून ती शाळेला निघायची, आणि संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून विचारायची, झालं का लाल. मी नाही म्हणालो की बरं म्हणायची. समोर तिचा बाप डोळे वटारून बसला होता आणि मला हसू आवरेना. मी खाली वाकून उगाच ट्रायपॉडचे स्क्रू पिळत बसलो.

"उद्या सकाळी ये," बाप म्हणाला. "फोटो काढ अन् मोकळा हो. होळीच्या आधी गोंदियाले पोचला पाहिजे."

रात्री मी विचार केला, कदाचित ती नुसती थट्टा करत असेल. मास्तरीण आहे, पोरांच्या थापा पकडायची सवय असेल. पण तरी सकाळी मी नवीन पांढरा शर्ट घातला.

टेकडीवर ती दोघं आधीच येऊन थांबली होती. ती पोपटी साडीत, आणि मागं ते झाड. काय सांगू! त्या लाल पानांतून ऊन खाली येत होतं आणि तिच्या कपाळावर, हातांवर लाल पडत होतं. सगळीकडं मोहाचा गोड, डोकं भणाणून टाकणारा वास. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, तसा तिच्या बापानं जाळला होता. तेव्हा एका बाजूची सगळी जमीन काळीभोर झाली होती, थेट उतारापर्यंत.

बापानं मला बाजूला घेऊन नियम सांगितले. "उंची दिसली पाहिजे. पाय दिसले पाहिजे. हात समोर. नजर सरळ. अन् दात दिसले नाही पाहिजे. माह्या पुतणीचा फोटो हासरा गेला, तं पोराची माय म्हणे पोट्टी थिल्लर आहे."

"पाच काढ," तो म्हणाला. "बाकी रोल तुह्या झाडाले लाव."

मी पाच काढले. ते काढताना आमचे जे हाल झाले ते आम्हालाच माहीत. मी म्हणायचो, "मॅडम, हसू नका." ती तोंड मिटायची, गाल फुगायचे. मी म्हणायचो, "मॅडम, थंडी आहे का?" की गाल फुटायचे. बाप ओरडायचा, "सरळ उभी राय ना वं!" शेवटी पाच फोटो झाले. पाचही अगदी नियमात. हात समोर, ओठ बंद, चेहरा रेशन कार्डावरचा.

"झालं," बाप म्हणाला, टोपली उचलली आणि आमच्याकडं पाठ करून आपल्या मोहाखाली फुलं वेचायला बसला.

मी कॅमेरा झाडाकडं वळवला. ती बुंध्याशीच उभी होती. म्हणाली, "पुरं झाड घ्या ना एकदा तरी. तुमचे ते सगळे फोटो तुटके आहेत."

"मावत नाही. मागं जागा नाही."

"आहे की. अजून मागं जा."

मी मागं सरकलो. शेंडा कापला जात होता.

"अजून."

मी अजून सरकलो. डोळा कॅमेऱ्याला, पाय अंदाजानं. शेंडा आत यायला लागला. मी इतका हरखलो की मागचा उतार, नाला, जाळलेला पाला, सगळं विसरलो.

"अजून थोडं!" ती ओरडली, आणि मी अजून थोडं गेलो, आणि माझ्या पायाखाली काहीच नव्हतं.

मी पाठीवर आपटलो आणि त्या काळ्या राखेतून घसरत सुटलो. दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी गच्च धरलेला, बोट कुठं होतं कोणास ठाऊक, खट्‌ आवाज तेवढा ऐकू आला. नाल्याच्या अलीकडं एका झुडपाला अडकून थांबलो. वर पाहिलं तर ती धावत उताराच्या कडेला आली होती. मी जिवंत आहे हे दिसल्यावर ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. माझा नवीन पांढरा शर्ट कोळसा झाला होता. मीही हसायला लागलो. खाली पडून आकाशाकडं बघत मी पोट धरून हसत होतो आणि वर ती हसत होती, आणि आमच्यापैकी एकालाही थांबता येत नव्हतं.

"काय झालं?" बाप मोहाखालून ओरडला.

"फोटोवाले पडले, बाबा!" एवढं म्हणायला तिला तीन वेळा श्वास घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं गोंदियाला जाऊन मी रोल धुवायला टाकला. लॅबवाला प्रिंट लावता लावता एकाजवळ थांबला. "अरे भैया, ये क्या निकाला है!"

मी पाहिलं. झाड पुरं आलं होतं. बुडापासून शेंड्यापर्यंत, जरा तिरपं, पण पुरं. चार वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते पडताना जमलं होतं. आणि त्या सगळ्या लालाखाली ती होती. पोपटी साडी, पुढं टाकलेलं पाऊल, एक हात समोर आलेला, आणि तोंडभर हसू. सगळे दात दिसत होते. नजर थेट कॅमेऱ्यात. म्हणजे माझ्यात.

"कौन है?" लॅबवाल्यानं विचारलं.

"झाड आहे," मी म्हणालो.

"झाड तो दिख रहा है," तो म्हणाला आणि डोळा मारला.

परतीच्या गाडीत मी ते चित्र मांडीवर ठेवून बसलो. गाडीत गर्दी, समोरच्या बाईची कोंबडी माझ्या पायाला टोचत होती, आणि मी हसत होतो. मग हसता हसता लक्षात आलं की उद्या तिचा बाप फोटो न्यायला येणार, आणि परवा ते गोंदियाला जाणार. मला रडू आलं. खरंच आलं. कोंबडीवाल्या बाईनं विचारलं, "काऊन रडून राहिला बापू?" मी सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

बाप आला. मी त्याला नियमातले पाच दिले. त्यानं एकेक उजेडात धरून पाहिला, मान डोलावली. "चांगले आहेत. दात नाही दिसून राहिले." घेऊन गेला. सहावा मी दाखवला नाही.

संध्याकाळी ती आली. "अजून एक होता ना? पडतानाचा?"

मी खणातून काढून दिला. ती बराच वेळ पाहत राहिली. एसटीनं दोनदा हॉर्न वाजवला.

"झाड पुरं आलं," ती म्हणाली.

"हो. चार वर्षांनी."

"हा मला द्या."

मी दिला. आता बोल, आता बोल, असं मी मनात शंभरदा म्हणालो आणि तोंडानं म्हणालो, "एसटी लागली आहे, मॅडम." गाढव! दुसरा शब्द नाही. ती फोटो पिशवीतल्या पुस्तकात घालून निघून गेली.

होळी झाली. ती स्टुडिओच्या दारात यायची बंद झाली. समोर थांब्यावर उभी असायची, एसटी आली की चढायची. विचारायला आता काही उरलं नव्हतं ना! मी काचेतून बघायचो. टेकडीवर गेलो तर झाड पोपटी झालं होतं. त्या दिवसांत मी कोणाशी धड बोललो नाही. एका नवरीला पडद्यापुढं उभं केलं आणि तिला "ताई" म्हणालो तर माझाच गळा भरून आला. तिला वाटलं, हा किती मायाळू माणूस.

आणि मग एका संध्याकाळी साडेपाचला दहा मिनिटं असताना तिचा बाप पुन्हा दुकानात शिरला. हातात पाकीट. स्टुलावर बसला. पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

तो सहावा होता.

"गोंदियावाल्यायनं वापस पाठवला," तो म्हणाला. "म्हणे, पोरगी चांगली आहे, पण ज्याच्याकडे पाहून हासून राहिली त्यालेच द्या."

माझ्या हातातली लेन्सची टोपी खाली पडली, घरंगळत पडद्यामागं गेली.

"मी पाच फोटो ठेवले होते पाकिटात," तो म्हणाला. "माह्या हातानं ठेवले अन् पोस्टात टाकाले तिच्याजवळ दिले. ते पाचही आज तिच्या पुस्तकात सापडले. हा एकटाच गेला."

तिनं पाठवला होता. तिनं! नियमातले पाच काढून ठेवून, सगळे दात दिसणारा हा एक फोटो तिनं आपल्या हातानं पाकिटात घालून गोंदियाला पाठवला होता, परत येणार हे ठाऊक असून.

बापानं फोटोवर बोट ठेवलं. "मी हा फोटो चार दिवस पाहून राहिलो. माह्याकडे पाहून तं नाही हासून राहिली, माही पाठ होती. मंग कोण होता समोर? तुह्या तोंडून आयकाचं आहे मले."

मी म्हणालो, "मी, काकाजी."

"कुसुम लाल झाली ते पाच दिवस लपवलं," तो म्हणाला. "हे किती दिवस लपवणार होता?"

"तुम्ही हाकलून दिलं असतं, काकाजी. तिकडं मिल आहे."

"मिल आहे," तो म्हणाला. मग पुन्हा फोटो उचलला, उजेडात धरला. खूप वेळ धरला. "मी जन्म दिला पोट्टीले. असी हासताना कधी पायली नाही." त्यानं शेल्याच्या टोकानं फोटोही पुसला, डोळेही पुसले, आणि एकदम खेकसला, "माह्या तोंडाकडे काय पाहून राहिला? बाहेर उभी आहे ते. जाय ना!"

मी बाहेर पळालो. चप्पल घालायची राहिली. थांब्यावर ती पिशवी सांभाळत उभी होती, आजूबाजूला पाच-सहा माणसं, पानठेलेवाला मान लांब करून बघत होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मी हात पुढं केला होता," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तेव्हा. फोटोत दिसते आहे. तुम्ही घेतलाच नाही, कॅमेराच धरून बसलात."

"सोडला असता तर फुटला असता," मी म्हणालो. जन्मात एवढं मूर्खासारखं कोणी बोललं नसेल.

ती हसली. आधी आवाज न करता, आणि मग एकदम.

"मग आता रिकामे आहेत का हात?"

होते ना बाप्पा, दोन्ही होते. साडेपाचची एसटी आली, थांबली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. तिच्यात ना बाप चढला, ना लेक.